पावसावाचून वाळवण

विषय : विहाराच्या कोठीलगतचे मुंग्यांचे वारूळ हलवण्याबाबत.
संदर्भ : कोठीप्रमुख भिक्खू तिस्स यांनी संघापुढे केलेला तोंडी अर्ज.

वरील विषयासंबंधी निवेदन असे की, एका वर्षी शास्ते, म्हणजे संघाचे गुरू, वर्षावासासाठी एका लहान गावाबाहेरच्या विहारात राहिले होते. वर्षावास सुरू झाला होता, वर्षा मात्र झाली नव्हती. भुकेल्यांना वाटण्यासाठी उपासकांनी राळ्याची पोती आणून दिली होती आणि ती विहाराच्या कोठीत रचली होती. कोठी सांभाळण्याचे काम भिक्खू तिस्स यांच्याकडे होते. ते त्यांनी मागून घेतले नव्हते. पण एकदा मिळाल्यावर दुसऱ्या कोणी मागू नये, याची ते काळजी घेत.

कोठीच्या भिंतीला लागून मुंग्यांचे एक वारूळ होते. मुंग्या फटीतून आत जात, राळ्याचा एकेक दाणा उचलत आणि रांगेने परत येत. तिस्सांनी आठ दिवस हे पाहिले आणि नवव्या दिवशी अर्ज केला. भिक्खूने जमीन खणू नये असा नियम आहे. म्हणून ती दुसऱ्या कोणी खणावी, आणि खणली जात असताना सर्व भिक्खूंनी दुसरीकडे पाहावे, असा अर्जाचा एकंदर आशय होता.

भिक्खू नागिल नावाचे एक जण तिथे बसले होते. ते म्हणाले, "तिस्सथेर, मुंगीने नेलेला दाणा तिच्या पोटात तरी जातो. तुमच्या कोठीतला एकही दाणा अजून कोणाच्या पोटात गेलेला नाही."

"याद्या व्हायच्या आहेत," तिस्स म्हणाले.

"याद्या होईपर्यंत माणसंही कमी होतील. काम सोपं होईल तुमचं."

हे बोलणे चालू असताना शास्ते तिथे आले. काय विषय आहे, हे त्यांनी विचारून घेतले आणि मग ते बराच वेळ त्या वारुळाकडे पाहत उभे राहिले. आपण पूर्वी राहिलो त्या घरावरून जाताना माणूस पाऊल हळू टाकतो, तसे त्यांचे ते पाहणे होते. मग ते म्हणाले, "तिस्सा, वारुळातल्या दाण्यांवर तू आजच नजर ठेवलेली नाहीस. पूर्वीही ठेवली होतीस." आणि भिक्खूंनी विनंती केल्यावर त्यांनी ती जुनी हकिगत सांगितली.

पूर्वी मरुदेशात शमीनगर नावाच्या नगरात सोमिल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या वाळूच्या टेकाडावर, दाणे वेचणाऱ्या मुंग्यांच्या वारुळात जन्मला होता. वारुळातून बाहेर पडून काम करणाऱ्या सगळ्या मुंग्या माद्याच असतात, असे जाणकार म्हणतात. परंपरा मात्र बोधिसत्त्वाला पुरुषच मानते. मुंग्यांनी यावर आजवर हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही, तेव्हा आपणही पुढे जावे.

मुंग्यांची कामाची रीत माणसांच्या उलट असते. माणसांत तरुणांना उन्हात पाठवतात आणि वय झालेल्यांना सावलीत बसवतात. मुंग्या तरुणपणी आत, अंधारात आणि गारव्यात काम करतात. पिलांना भरवतात, कोठ्या झाडतात, दाण्याचा कोंब कुरतडून तो उगवणार नाही असा करून ठेवतात. वय वाढेल तशी कामाची जागा दाराकडे सरकते. सर्वांत म्हाताऱ्या झाल्या की त्यांना बाहेर पाठवतात, कारण बाहेर सरडे आहेत, ऊन आहे, आणि तिथे जो मरायचा त्याने आपले बहुतेक काम आधीच करून ठेवलेले असते. यात क्रूरपणा आहे की शहाणपण, हे ठरवण्यासाठी मुंग्यांनी कधी समिती नेमली नाही.

बोधिसत्त्व म्हातारा झाला होता आणि वाटाड्याचे काम करीत होता. रोज उजाडताच वाटाड्याने एकट्याने दाराबाहेर यायचे आणि हवा पाहायची. हवेत ओल असेल तर थोडे पुढे जाऊन परत फिरायचे. तो सुखरूप परत आला, की त्याच्या अंगाला अंग लावून दारातल्या मुंग्या बाहेर पडत. पहिली मुंगी दाणा घेऊन परतली की दुसरी निघे, दुसरी परतली की तिसरी. कोणी परतले नाही तर कोणी निघत नसे. हुकूम सोडणारे कोणी नव्हते. परत येणारा हाच हुकूम होता.

त्या टेकाडाभोवती एके काळी सेवण नावाचे गवत माणसाच्या कमरेइतके उभे राही. वारा आला की बी सांडे. मुंग्यांच्या वाटा टेकाडावरून चहूकडे जात, आणि दाण्याची टरफले काढून दाराभोवती टाकल्यामुळे तिथे तुसाचे एक मोठे पिवळे कडे पडलेले असे. ते लांबून येणाऱ्या तांड्यांनाही दिसे. सकाळी ते ऊन लागून तापू लागे, तेव्हा त्याला भाजलेल्या धान्यासारखा वास येई. आणि वर्षातून एकदा पाऊस पडे. पाणी वरच्या कोठ्यांत शिरे. मग उघडीप होताच सगळे वारूळ भिजलेला दाणा उचलून बाहेर आणी आणि तुसाच्या कड्यावर पसरून ठेवी. त्याला मुंग्या वाळवण म्हणत. वाळवणाच्या दिवशी लहानमोठा भेद नसे. जन्मात ऊन न पाहिलेल्या मुंग्याही त्या दिवशी बाहेर येत आणि आकाशाकडे पाहून गोंधळून एकमेकींवर आदळत. बोधिसत्त्वाने आपल्या तरुणपणी असे एकच वाळवण पाहिले होते. ते त्याला विसरता आले नाही.

त्या काळी खेमा नावाची एक विधवा रोज सकाळी केरसुणी घेऊन टेकाडावर येई. ती तुसाचे कडे झाडे, सुपात पाखडे, आणि टरफलांबरोबर चुकून टाकले गेलेले मूठभर दाणे घेऊन जाई. जाताना ती दारापाशी पाण्याचे दोन थेंब सोडी आणि म्हणे, "निघते ग बायांनो. आज फार नीट सोललंत, माझ्यासाठी काहीच ठेवलं नाहीत."

या सगळ्यासंबंधी राज्यात एक जुना नियम होता. सोमिलाच्या पणजोबाने तो वेशीवरच्या शिळेवर कोरून घेतला होता. वस्ती असलेल्या वारुळाला कुदळ लावू नये. सलग तीन सकाळी एकही मुंगी बाहेर आली नाही, तर ते वारूळ ओसाड समजावे आणि आतले बी राजाच्या कोठारात आणावे. वारुळाच्या तोंडाबाहेर पडलेले मात्र, काहीही असो, झाडणाऱ्याचे. नियम चांगला होता. त्यात एकच उणीव होती. तो करणाऱ्यांनी मुंग्या पाहिल्या होत्या त्या चांगल्या पावसाच्या वर्षांत.

पुढे पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसरे वर्ष गेला, आणि तिसऱ्या वर्षी लोक त्याची आठवण काढीनासे झाले. सेवणाची ठोंबे करपली. तुसाचे कडे वाऱ्याने उडून गेले. कोरड्या हवेत चालणाऱ्या मुंगीच्या अंगातले पाणी उडते. लांबून एक दाणा आणण्यात जेवढे पाणी जाते, तेवढे त्या दाण्यातून परत मिळत नाही. बोधिसत्त्वाला हे कळत होते. तो रोज उजाडताच दारापर्यंत येई, मिशा बाहेर काढी आणि मागे फिरे.

दारात तरला नावाची एक तरुण मुंगी असे. तिची बाहेर जाण्याची पाळी यायला अवकाश होता, पण तिला घाई होती.

"काय आबा, आजही नाही?"

"नाही. हवा कोरडी आहे."

"कालही कोरडीच होती."

"कालही मी गेलो नव्हतो."

"असं रोज दारापर्यंत यायचं आणि परत जायचं. याला तुम्ही काम म्हणता?"

"याला काम म्हणणारे थोडेच असतात," बोधिसत्त्व म्हणाला. "पण हे काम केलं म्हणून तू उद्या मला टोमणा मारायला शिल्लक असशील."

वारुळात अजून दाणा होता. वरच्या तीन कोठ्या भरलेल्या होत्या आणि खालच्या दोन. खालच्या दोन पिलांसाठी राखून ठेवलेल्या होत्या.

नगरात मात्र काही उरले नव्हते. राजाच्या कोठाराचा प्रमुख कुंभिल नावाचा होता. तो दुष्ट नव्हता. रिकामे कोठार दाखवताना राजापुढे आपली मान खाली जाते, एवढेच त्याचे दुःख होते. आणि ते दुःख तो जनतेचे दुःख म्हणून मांडत असे. त्याला तो पणजोबांचा नियम आठवला. नंदिल नावाच्या आपल्या लेखकाला घेऊन तो टेकाडावर आला, वारुळापासून पाच हातांवर छत्री रोवून घेतली आणि तीन सकाळी पाहणी करण्यास बसला.

पहिल्या सकाळी एकही मुंगी बाहेर आली नाही. दुसऱ्या सकाळीही नाही.

"ओसाड आहे," कुंभिल म्हणाला. "लिही."

"स्वामी, अजून एक सकाळ आहे."

"ती मी धरून चाललोय. तू जागा सोडून लिही."

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच त्याने कुदळी घेऊन माणसे बोलावली. खणणाऱ्याला त्या दिवशीच्या बियांतले एक सूपभर मिळणार होते, म्हणून माणसे पुष्कळ आली. त्यांत खेमाही होती. तिची सून बाळंत होऊन सहा दिवस झाले होते आणि अंगावर दूध नव्हते. हातात कुदळ होती, पण खेमा ती टेकवून उभी राहिली होती.

"कोठारस्वामी," ती म्हणाली, "हे वारूळ ओसाड नाही हो."

"तुला कसं कळलं, म्हातारे?"

"ओसाड वारुळाच्या तोंडावर कोळी जाळं करतो. इथं बघा, तोंड झाडलेलं आहे. आतून कोणीतरी रोज झाडतंय."

"नियमात कोळ्याचा उल्लेख नाही," कुंभिल म्हणाला. "आणि तुला काय, सूप नकोय?"

खेमा हलकेच म्हणाली, "पाहिजे हो. तेच तर."

बोधिसत्त्व दारात होता. त्याने हे सगळे ऐकले. मिशा बाहेर काढल्या तेव्हा हवा नेहमीपेक्षाही कोरडी लागली. बाहेर पडले नाही तर सूर्य वर येताच कुदळ लागणार, आणि पिलांसकट सगळे वारूळ जाणार. एकट्याने बाहेर पडावे, तर एक मुंगी दिसल्याने वारूळ कदाचित वाचेल; पण मग ती केरसुणीवाली रिकाम्या हाताने घरी जाईल. आपले घर वाचवून शेजाऱ्याचे दार बंद करणे याला त्याचे मन तयार होईना.

तो खाली राणीकडे गेला. राणी फार म्हातारी होती. तिने आकाश जन्मात एकदाच पाहिले होते, लग्नाच्या उड्डाणाच्या दिवशी, पाऊस पडून गेल्यावरच्या एका दुपारी. त्यानंतर पंख गाळून ती जमिनीखाली आली ती आलीच. त्या एका दुपारच्या आठवणीवर ती इतकी वर्षे अंधारात राहिली होती.

"आई," बोधिसत्त्व म्हणाला, "वरच्या तीन कोठ्या बाहेर द्याव्या म्हणतो. खालच्या दोन राहतील. पोटाला चिमटा बसेल, पण पिलं जगतील."

"कोणाला द्यायच्या?"

"बाहेर माणसं आहेत. भुकेली आहेत. त्यातली एक दारापाशी पाणी सोडायची ती."

"मी उडाले त्या दिवशी गवताला इतकं बी होतं," राणी म्हणाली, "की आम्ही त्यावर उतरत होतो आणि ते खाली पडत होतं. आम्ही कोणी विचारलं नाही ते कोणाचं." मग ती म्हणाली, "पण ही मुलं बाहेर जाणार कशी? परत येणारा कोणी असल्याशिवाय ती निघत नाहीत."

"परत येणारा मी होईन."

तो वर आला आणि दारातल्या मुंग्यांना म्हणाला, "चला. आज वाळवण आहे."

"वाळवण म्हणजे?" तरलाने विचारले. त्या वारुळात पाऊस पाहिलेल्या मुंग्या आता फारशा नव्हत्या.

"दाणा उचलायचा, बाहेर कड्यावर ठेवायचा, आणि लगेच आत यायचं. सात पावलं जायचं, सात पावलं यायचं. त्यापुढे एक पाऊलही टाकायचं नाही."

"पण आबा, दाणा आत आणायचा असतो."

"एरवी."

"आणि तो भिजलेला कुठे आहे? पाऊस तरी कुठे आहे?"

"पावसाचं मी सांगू शकत नाही. तू दाणा उचल."

बोधिसत्त्वाने एक दाणा तोंडात धरला आणि तो बाहेर आला. सूर्याची कड वर आली होती.

नंदिल ओरडला, "स्वामी, मुंगी!"

कुंभिल वाकून पाहू लागला. बोधिसत्त्वाने सात पावलांवर दाणा ठेवला आणि तो परत फिरला.

"एका मुंगीने वस्ती सिद्ध होत नाही," कुंभिल म्हणाला. "ती पाहुणी असेल."

"पाहुणी घरातून दाणा बाहेर आणेल का?" खेमा म्हणाली.

आत येताच बोधिसत्त्वाने तरलाच्या अंगाला अंग लावले. ती क्षणभर थबकली, आणि दाणा घेऊन बाहेर पडली. बोधिसत्त्व दुसरा दाणा घेऊन तिच्या मागोमाग गेला, परत आला, पुढच्या मुंगीला लागला. तो परत येईल तितक्या मुंग्या निघत होत्या. पाच झाल्या, वीस झाल्या, मग मोजता येईनात. जन्मात ऊन न पाहिलेल्या मुंग्या दाणे घेऊन उजेडात येत होत्या आणि एकमेकींवर आदळत होत्या. दाराभोवती कितीतरी दिवसांनी पुन्हा एक कडे उमटू लागले. हे कडे तुसाचे नव्हते, सोललेल्या पांढऱ्या दाण्यांचे होते.

कुदळी घेऊन आलेली माणसे वाकून पाहत होती. कुंभिलच सर्वांत आधी सावरला.

"ठीक आहे. वस्ती आहे. कुदळ नको," तो म्हणाला. "बाहेर काढलेलं बी पोत्यात भरा. कोठारात जाईल."

कोणी हलले नाही. नंदिल आपल्या ताडपत्रांत काहीतरी शोधत होता. एरवी त्याला तो नियम पाठ होता, पण त्या दिवशी त्याने तो वाचूनच दाखवला. "वारुळाच्या तोंडाबाहेर पडलेले, काहीही असो, झाडणाऱ्याचे."

"ते तुसाबद्दल आहे."

"तूस असा शब्द नाही, स्वामी. काहीही असो, असा आहे. शिळेवरही तसाच आहे. मी पुन्हा जाऊन पाहू?"

"नको," कुंभिल म्हणाला. कारण नंदिल एकदा पाहायला गेला की नक्कल घेऊन येत असे.

"मग झाडणारी कोण आहे इथं?" नंदिलाने विचारले.

सगळ्यांनी खेमाकडे पाहिले. तिच्या हातात कुदळ होती. तिने ती खाली टाकली आणि करपलेल्या सेवणाच्या काड्या गोळा करून त्यांची केरसुणी बांधली. मग ती दाण्यांच्या कड्याभोवती बसून हळूहळू झाडू लागली, मुंग्यांच्या वाटेला धक्का लागणार नाही अशी. पहिले सूप तिने सुनेसाठी बाजूला ठेवले. दुसरे शेजारणीला दिले. तिसरे कोणाला द्यायचे हे ठरवताना ती जराशी अडखळली आणि मग तिने ते कुंभिलापुढे धरले.

"तुमच्याही घरी माणसं आहेत," ती म्हणाली.

कुंभिलाने ते घेतले. मग सवयीने तो म्हणाला, "पोच देऊ का?"

"काय करू घेऊन? शिजत नाही ती."

बोधिसत्त्व तोवर किती वेळा आत-बाहेर झाला, हे कोणी पाहिले नाही. वरच्या तीन कोठ्या रिकाम्या होईपर्यंत त्याचे परत येणे थांबले नाही. शेवटचा दाणा ठेवल्यावर मात्र त्याला वळता आले नाही. त्याच्या अंगातले पाणी संपले होते. तरला त्याच्यापाशी आली.

"आबा, आत चला."

"तू जा. कोणाच्या अंगाला अंग लावू नकोस, म्हणजे मागच्या थांबतील. आता कोणी बाहेर यायला नको."

"वाळवण असंच असतं?"

"यापेक्षा चांगलं असतं," बोधिसत्त्व म्हणाला. "दाणा ओला असतो. त्याला वास येतो."

तरला आत गेली आणि तिच्या मागे कोणी बाहेर आले नाही. खेमाला तो निपचित पडलेला दिसला. तिने बोट ओले करून एक थेंब त्याच्यापुढे ठेवला. तो घेण्याइतका जीव त्याच्यात उरला नव्हता. ती तशीच बसून राहिली, आणि मग सुपातले दाणे घेऊन घरी गेली.

त्या बियांवर नगराने पस्तीस दिवस काढले. छत्तिसाव्या दिवशी पाऊस आला. झाडताना जे दाणे वाळूत राहून गेले होते, त्यांतले काही कोंब कुरतडायचे राहून गेलेले होते. तेवढे उगवले, आणि वारुळाच्या तोंडाभोवती सेवणाचे हिरवे कडे उभे राहिले. राणीने त्या वर्षी वर जाऊन येणाऱ्या प्रत्येक मुंगीला त्या हिरव्या कड्याबद्दल विचारले, आणि प्रत्येकीने तिला तेच सांगितले तरी तिचे समाधान झाले नाही.

शास्त्यांनी ही हकिगत सांगून पूर्वीचे आणि आताचे नाते जुळवून दिले. "त्या वेळचा कुंभिल म्हणजे आताचा तिस्स. टोमणे मारणारी तरला म्हणजे नागिल; त्याची सवय अजून गेलेली नाही. नंदिल म्हणजे संघाचे नियम पाठ असणारे स्थविर उपसेन. खेमा म्हणजे विहाराचे अंगण झाडायला येणारी उपासिका सोणा. ती राणी पुढे अनेक जन्मांत माझी आई झाली. आणि तो म्हातारा वाटाड्या मीच होतो." मग ते म्हणाले, "आपल्याजवळचे किती राखायचे आणि किती द्यायचे, हे ओळखून वेळेवर देणे, आणि देताना स्वतः सर्वांच्या पुढे चालणे, याला दानपारमी म्हणतात."

हे ऐकून भिक्खू तिस्स खाली मान घालून बसले. त्याच दुपारी त्यांनी याद्यांची वाट न पाहता कोठी उघडली आणि राळा वाटायला सुरुवात केली. सोणा उपासिकेने सूप धरले, नागिलांनी पोती उचलली. संध्याकाळपर्यंत अर्धी कोठी रिकामी झाली. मुंग्यांचा वाटा कोणी वेगळा काढला नाही. तो त्या नेहमीप्रमाणे स्वतःच नेत होत्या.

वारूळ हलवण्याबाबतचा अर्ज मागे घेत असल्याचे तिस्सांनी संघाला कळवले. त्यावर स्थविर उपसेन यांनी असे निदर्शनास आणले की, संघापुढे एकदा आलेला अर्ज एकट्याला मागे घेता येत नाही. त्यासाठी सर्व भिक्खूंची संमती लागते, आणि दोन भिक्खू परगावी आजारी आहेत. ते परत आल्यावर विषय पुढे घेण्यात येईल.

सबब, अर्ज अद्याप प्रलंबित आहे.